बियाण्याला ठेवलेलं पडवळ

१५ जून, रविवार

मालन सकाळच्या एसटीनं पुण्याला गेली. आमच्या दिशाला सातवा महिना लागलाय आणि डॉक्टरनं तिला पडून राहायला सांगितलंय. लेकीला बाळंतपणाला माहेरी येता येत नाही, म्हणून माहेरच उठून तिच्याकडे गेलं. आता दसऱ्यापर्यंत घरात मी एकटा.

जाताना मालननं ही डायरी हातात ठेवली. खतवाल्याकडून फुकट मिळालेली. "जहाजावर रोज लॉग लिहायचात म्हणता ना, तसा आता परड्याचा लिहा," म्हणाली आणि ओठांत हसली. त्यात हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही.

पहिल्या पानावर नाव, पत्ता, रक्तगट, हुद्दा असे रकाने आहेत. हुद्दा सोडून बाकी सगळं भरलं. वाडीत मला सगळे कप्तान म्हणतात, पण असं स्वतःच्या हातानं लिहिणं बरं दिसत नाही. नंतर बघू.

बत्तीस वर्षं जहाजावर काढून मार्चमध्ये कायमचा घरी आलो. तेव्हापासून मालनच्या पायात पायात येणं हाच माझा उद्योग. म्हणून परडं सांभाळायची जबाबदारी मिळाली तेव्हा मनातून बरं वाटलं. देवळात कीर्तनाला आलेले बुवाही म्हणाले होते की मातीत हात घाला, रोज एक धडा मिळेल. तर मी रोजचा धडा लिहिणार आहे. दसऱ्यापर्यंत शंभर तरी जमतील.

घरालगतच्या परड्यात भेंडी, मिरची, अळू, काकडी आहे. पण खरी गोष्ट पडवळाची. मालनची आई संगमेश्वराकडची. लग्न होऊन आली तेव्हा मालननं तिच्याकडून पडवळाचं बी पदराला बांधून आणलं, आणि तेव्हापासून दरवर्षी एक पडवळ वेलावर पिकू देऊन तिनं ते जपलंय. आता आई नाही. दिशाचे मामा मुंबईला गेले, तिकडचं परडं ओसाड पडलं. गेल्या वर्षी बरणीला ओल लागून बी कुजलं, सहा दाणे उरले. त्यातले पाच उगवलेत.

एसटीत चढताना मालन म्हणाली, "बाकी परडं बुडालं तरी चालेल. एक पडवळ मात्र बियाण्याला राखा. आईचं एवढंच उरलंय माझ्याकडे."

मी म्हटलं, काळजीच सोड.

२२ जून, रविवार

पडवळासाठी मांडव घातला. बांबू रोवले, आडव्या काठ्या टाकल्या, सुंभानं बांधल्या. तीन तास लागले. आप्पा, म्हणजे माझा थोरला भाऊ, शेजारच्या मूळघरातून येऊन बघत उभा राहिला. त्यानं एक गाठ बोटानं ढकलली, ती सुटली. दुसरी ढकलली, तीही सुटली.

"बत्तीस वर्षं जहाजात होतास," एवढंच म्हणाला आणि गेला.

मी सगळ्या गाठी पुन्हा मारल्या, या वेळी तीन तीन. धडा: एका गाठीनं भागत नसेल तर तीन माराव्यात. अध्यात्मात हे कुठे बसतं ते बघायला हवं.

९ जुलै, बुधवार

वेल मांडवाला लागले. चार शहाण्यासारखे सुतळी धरून वर गेले. पाचवा कुंपणाच्या दगडी गडग्यावर चढून पलीकडे सखूच्या पेरूकडे निघाला. दोनदा ओढून आणला, दोनदा परत गेला. तिसऱ्यांदा मी नाद सोडला.

गडग्याच्या पलीकडची सखू मला भावजी म्हणते आणि बोलायला लागली की हातातलं काम खाली ठेवते. आज विचारलंन, बचत गटाच्या बायका पन्नास माणसांची डाळीची आमटी करणार आहेत, मीठ किती घालू? मी भेंडी तोडता तोडता सांगून टाकलं, आधी सव्वाशे ग्रॅम घाल, कोकम पडलं की चाखून बघ. मग जीभ चावली. सखू "बरा, बरा" म्हणत निघून गेली. तिला काही संशय आला नसावा.

२९ जुलै, मंगळवार, नागपंचमी

पडवळं धरली! करंगळीएवढी होती, आठ दिवसांत वीतभर झाली. पडवळ आपलं आपण वाढलं तर वेटोळं होतं, म्हणून शेंड्याला दगड बांधतात. मालन लिंबाएवढा बांधते. मी विचार केला, लिंबानं पडवळ सरळ होत असेल तर नारळानं किती सरळ होईल. जांभ्याचे चांगले मुठीपेक्षा मोठे दगड वेचून आणले आणि अकरा पडवळांना बांधले.

दुपारपर्यंत तीन तुटून खाली आली. सखू गडग्यावरून म्हणाली, "भावजी, पडवळाला वळण लावायचा हाय, फाशी नाय द्यायची."

थोडे लहान दगड शोधले. पण लिंबाएवढे नाहीत. माझाही काही हिशेब असतो.

धडा: वजनाशिवाय सरळपणा नाही. हा धडा चांगला जमलाय. बुवा पुन्हा आले की त्यांना सांगेन.

८ ऑगस्ट, शुक्रवार, नारळीपौर्णिमा

एक पडवळ बियाण्याला निवडलं. सगळ्यांत लांब आणि ओळंबा धरल्यासारखं सरळ. त्याला लाल दोरा बांधला आणि मालनला फोटो पाठवला. तिनं हात जोडलेलं चित्र पाठवलं. पाचव्या वेलाला पेरूच्या फांदीत एक पडवळ लागलंय. तिथे हात पोचत नाही, त्यामुळे दगड नाही. आत्ताच त्याचं जिलबीसारखं वेटोळं झालंय. वाटेवरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं. मी काठीनं पानं ओढून ते झाकून टाकलं. कप्तानाच्या परड्यात असलं पडवळ म्हणजे शोभा.

दुपारी दिशाचा फोन आला. तिचे सासरे बारशाला रत्नागिरीला येणार म्हणतात, "कप्तानसाहेबांशी निवांत गप्पा मारायच्यात." फोन ठेवला आणि जेवण गेलं नाही.

या वहीत तरी खरं लिहितो. इथे कोण वाचणार आहे.

मी कप्तान नव्हतो. कधीच नव्हतो. मी चीफ कुक होतो. त्याआधी तीन वर्षं गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, कांदे सोलत होतो. पहिल्या रजेवर आलो तेव्हा एसटी स्टँडवर एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय, कप्तान झालास वाटतं?" अंगावर पांढरा शर्ट होता, मी हसलो. नाही म्हणालो नाही. एवढंच झालं. दुसऱ्या रजेला अख्खी वाडी कप्तान म्हणत होती. दिशानं शाळेत निबंध लिहिला, "माझे बाबा कप्तान आहेत." गुरुजींनी तो वर्गात वाचून दाखवला. मग कुठल्या तोंडानं सांगू? मालनलासुद्धा धड सांगितलं नाही. "जहाजावर आहे" एवढंच सांगत आलो.

स्वयंपाक वाईट काम नाही हे मला कळतं. तीस माणसं माझ्या हातचं जेवून वादळात उभी राहिली आहेत. पण कळणं वेगळं आणि स्टँडवर उभं राहून सांगणं वेगळं.

आज धडा नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

नात झाली! दोघी सुखरूप. मालन म्हणते नाक माझ्यावर गेलंय. म्हटलं, नकटं आहे की काय? ती म्हणाली, "नाही, पण वर करून बघते."

सखूला, आप्पाला, पोस्टमनला पेढे वाटले. परड्यात जाऊन पडवळांनाही सांगितलं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

उद्या गणपती. आमचा गणपती मूळघरात, आप्पाकडे. गणपतीच्या डोक्यावर लाकडी मंडपी टांगतात आणि तिला रानातली, परड्यातली फळं, भाज्या, वेली बांधतात. ज्याच्या परड्यातलं जे चांगलं, ते मंडपीला.

सकाळी मी तीन पडवळं घेऊन गेलो. बरी होती. आप्पाच्या शेजारी केरू उभा होता. हा खालच्या आळीतला, दरवर्षी त्याचंच पडवळ मंडपीच्या मधोमध. त्यानं माझ्या पडवळांकडे बघितलं आणि म्हणाला, "कप्तान, पयल्या वर्साच्या मानानं झक्कास."

पहिल्या वर्षाच्या मानानं!

घरी आलो. लाल दोऱ्याचं पडवळ वाऱ्यावर हलत होतं. माझ्या खांद्यापासून गुडघ्यापर्यंत लांब. मनात म्हटलं, मांडवाला अजून आठ कोवळी आहेत, त्यातलं एक बियाण्याला ठेवू. देवालाच द्यायचंय, काही कुणाच्या पोटात घालायचं नाही. दोरा सोडला आणि पडवळ कापलं.

केरूचं बाजूला सरकलं, माझं मधोमध लागलं. माणसं मान वर करून बघत होती. मी हात मागे बांधून उभा होतो, कप्तानासारखा. छान वाटलं.

संध्याकाळी चहा करताना मात्र लाल दोरा खिशात सापडला आणि चहा उतू गेला.

३० ऑगस्ट, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

आज मूळघरी वाडीचं भजन आणि साठ माणसांचं जेवण. वाडीचा स्वयंपाक धाकू करतो. सकाळी निरोप आला की धाकू तापानं फणफणलाय. बायका गौरीच्या तयारीत. मी पडवीत बसून नारळ सोलत होतो. आप्पा आला आणि म्हणाला, "शिवा, ऊठ. टोप चुलीवर चढव."

मी म्हटलं, मी? मला कसं जमणार, मी तर... आणि पुढचं वाक्य तयारच होईना.

आप्पा माझ्या शेजारी खाली बसला. त्याला गुडघ्यामुळे खाली बसता येत नाही, तरी बसला. म्हणाला, "तीस वर्सं जहाजात तीस माणसांचा केलास. हितं साठांचा कर. दुप्पट मीठ, दुसरा काय?"

मी विचारलं, तुला कुणी सांगितलं? तर म्हणाला, मुरुडचा एक खलाशी तुझ्या जहाजावर होता, त्यानं सत्त्याण्णव सालीच सांगितलान. तुझ्या हातच्या मटणाची तारीफ करत होता.

"मग वाडीत?"

"वाडीला ठाव हाय."

"मग कप्तान कशाला म्हणता?"

आप्पा म्हणाला, "तुला आवडता म्हणून."

मी हातातला नारळ खाली ठेवला. अठ्ठावीस वर्षं! अठ्ठावीस वर्षं मी यांच्यापासून लपवत होतो आणि हे माझ्यापासून लपवत होते. मग उठलो, कारण साठ माणसं जेवायची होती.

काळ्या वाटाण्याची आमटी, भात, भोपळ्याची भाजी, तांदळाची खीर. टोपावर झुकलो तेव्हा हातांना सगळं आठवलं. बायकांना भराभर कामं वाटून दिली, केरूला नारळ किसायला बसवलं. पंगतीत आमटी तीनदा मागितली गेली. केरू म्हणाला, "कप्तान, आमटी नंबर एक." या वेळी पहिल्या वर्षाच्या मानानं वगैरे काही म्हणाला नाही.

आयुष्यात इतका हलका कधी झालो नव्हतो. घरी येताना रस्त्यात मोठ्यानं गाणं म्हटलं.

४ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी वारा सुटला आणि पडवळाचा मांडव आडवा झाला. सगळ्या गाठी सुटल्या, तीन तीन मारलेल्यासुद्धा. आप्पा म्हणाला गाठी तर कच्च्या होत्याच, पण आठ पडवळांना आठ धोंडे लटकवलेस, मांडव तरी काय करणार. चारही वेल मुळाशी पिचले. पडवळं सगळी कोवळी, त्यातलं बी अजून पाण्यासारखं.

म्हणजे बियाणं गेलं.

लाल दोऱ्याचं असतं तर एव्हाना जून झालं असतं, त्यातलं बी तरी हाती लागलं असतं. ते परवा गणपतीबरोबर पाण्यात गेलं. केरूच्या एका वाक्यासाठी मी मालनची आई विसर्जन करून आलो.

९ सप्टेंबर, मंगळवार

रत्नागिरीत बियाण्याच्या दुकानात गेलो. पडवळाचं पाकीट घेतलं. वर चित्र, लांब, सरळ, चकचकीत. घरी येऊन दाणे राखेत घोळले आणि मालनच्या चिनी मातीच्या बरणीत भरले. दिसायला अगदी तसेच. मालनला काय कळणार आहे? पडवळ ते पडवळ.

बरणी फळीवर ठेवली, झाकण लावलं आणि समोर बसलो. म्हटलं, शिवा, परत स्टँडवर आलास.

१० सप्टेंबर, बुधवार

बरणी रिकामी केली. पाकिटातलं बी सखूला देऊन टाकलं, तिला खरं सांगून. मग मालनला फोन लावला.

मी सगळं सांगितलं. दोरा, मंडपी, केरू, मांडव, पाकीट. मध्ये थांबलो नाही, थांबलो असतो तर राहिलं असतं. ते झाल्यावर म्हटलं, अजून एक आहे, मी कप्तान नव्हतो, कुक होतो. बियाण्याच्या बातमीपुढे ती फारच छोटी वाटली.

मालननं बाळाला दिशाकडे दिलं. मागे बाळ रडत होतं. मग म्हणाली, "तुमची खलाशी-बुकं बत्तीस वर्षं माझ्याच ट्रंकेत आहेत. त्यात हुद्दा लिहिलेला असतो, आणि मला वाचता येतं."

मी म्हटलं, मग कधी बोलली का नाहीस?

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. आज सांगितलंत." मग तिचा आवाज बदलला. बियाण्याचं ऐकून तिला रडू आलं होतं, ते तिनं लपवलं नाही. मी फोन कानाला धरून ठेवला. तिला माझ्यामुळे रडू आलं होतं आणि ते ऐकून घेणं हेच माझं काम होतं.

फोन ठेवताना नाक पुसत म्हणाली, "गडग्यावरच्या वेलाला काही आहे का ते तरी बघा. सखू म्हणत होती."

११ सप्टेंबर, गुरुवार

उजाडताच गडग्यावर चढलो. पाचवा वेल पेरूवर सुखरूप, मांडवाशी त्याचा संबंधच नव्हता. पानं बाजूला केली, मी स्वतः झाकलेली. ते जिलबीसारखं पडवळ तिथेच होतं. फांदीला दीड वेढा मारून बसलेलं, मनगटाएवढं जाड, आणि बुडाकडून केशरी व्हायला लागलेलं.

ते कुणी तोडलं नाही, कारण ते कुणाला दाखवावंसं वाटलं नाही. दगड लागला नाही, म्हणून तुटलं नाही.

सखू पलीकडून बघत होती. मी विचारलं, याचं बी धरेल का गं? वाकड्याचं बी वाकडंच निघेल?

"बी काय वाकडा असता, भावजी? पडवळ आपला जागा मिळाली तसा बसला."

मी तिथेच गडग्यावर बसलो आणि डोळे पुसले. सखूनं दुसरीकडे बघितलं. मग खिशातला लाल दोरा काढून देठाला बांधला. हात पोचत नव्हता, फांदी खाली ओढायला तिनं काठी दिलीन.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

मालन, दिशा आणि बाळ काल आली. घर भरलं. मालन पिशवी खाली ठेवून आधी गडग्याकडे गेली. पडवळ आता लालभडक होऊन टोकाशी उकललंय. तिनं ते देठासकट उतरवलं, मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "आईच्या परड्यात अशीच असायची. तिला दगड बांधायला वेळ कुठे होता."

पडवळ फोडलं. लाल गरात त्रेचाळीस बिया. तिनं त्या धुतल्या, राखेत घोळल्या, सुपात पसरल्या. दहा सखूला, दहा आप्पाला द्यायच्या, म्हणाली, एका बरणीत सगळं ठेवलं की असं होतं. मी सुचवलं, केरूलाही दहा द्याव्यात. मालननं माझ्याकडे बघितलं आणि मोजून बाजूला काढल्या.

५ ऑक्टोबर, रविवार

बारसं झालं. नाव मनस्वी ठेवलं. पाहुणे चाळीस, स्वयंपाक माझा. दिशाला तिच्या लहानपणी रजेवर यायचो तेव्हा करायचो तो शिरा हवा होता. म्हणाली, "बाबा, निबंधात मी खोटं लिहिलं होतं हे मला सातवीतच कळलं होतं. पण कप्तानावर दहापैकी आठ मिळाले, शिऱ्यावर किती मिळाले असते कोण जाणे." पोरीची जीभ आईवर गेलीय.

अंगणात पंगत बसली तेव्हा वारा आला आणि पत्रावळी उडायला लागल्या. मालन परड्यात गेली आणि माझे पडवळाचे दगड ओटीत घालून घेऊन आली. उडणाऱ्या पत्रावळींच्या कडेला एकेक. ती म्हणाली, एवढाले दगड पडवळाला बांधायचे नसतात, यासाठी असतात.

दिशाचे सासरे पहिल्या पंगतीला होते. मी आमटी वाढत त्यांच्यापर्यंत गेलो तेव्हा ते आदरानं म्हणाले, "कप्तानसाहेब, तुम्ही कशाला वाढताय, बसा ना."

ओगराळं हातात होतं. आप्पानं जेवण थांबवलं. मालन दारात उभी होती. मी म्हटलं, "मी कप्तान नव्हतो हो. चीफ कुक होतो. आमटी घ्या, माझ्या हातची आहे."

त्यांनी आमटी भुरकली, पत्रावळ पुढे केली आणि म्हणाले, "मग अजून घाला. कप्तानाला हे जमलं नसतं."

पाहुणे आत्ताच गेले. भांडी पडलीत, पण आधी हे लिहितो. शंभर धडे म्हटलं होतं, जेमतेम दोन झाले आणि दोन्ही चुकीचे. दगडाचा तर खोडूनच टाकतो.

पहिलं पान उघडलं. हुद्दा हा रकाना अजून रिकामाच होता. आत लिहिलं: चीफ कुक, निवृत्त. सध्या मालनच्या परड्यात शिकाऊ.